आजोळचा दोष आणि मेंदूतला डीएनए

भोर-वेल्ह्याच्या डोंगरी गावांत सोयरीक जुळवताना जमीन, नोकरी, पत्रिका पाहून झाली की एक चौकशी हळूच होते: मुलीच्या आजोळी कुणाच्या डोक्यावर परिणाम झाला होता का? ‘आईकडून उतरतं’ ही त्यामागची समजूत. विज्ञानातली एक अर्धी बातमी या समजुतीला आयतं बळ देईल, म्हणून ती पुरती सांगायला हवी.

आपल्या पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांना स्वतःचा छोटासा डीएनए असतो. १६,५६९ अक्षरं, ३७ जनुकं. केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी तो १९८१ मध्ये पुरता वाचला. हा डीएनए आईकडूनच मिळतो, इथवर आजोळची चौकशी करणाऱ्यांचं बरोबर आहे. मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण ऊर्जेतला त्याचा वाटा सुमारे २० टक्के. त्यामुळे ऊर्जापुरवठा बिघडला की झळ मेंदूला लवकर बसते. एकेका पेशीत या डीएनएच्या शेकडो-हजारो प्रती असतात. बियाण्यात थोडं पोचट निघालं तरी तरवा उगवतो, आवणी निभते. पोचटाचं प्रमाण वाढलं की खाचर रिकामं राहतं. सदोष प्रतींबाबत पेशीचंही तसंच आहे.

१९९७ मध्ये जपानच्या तादाफुमी कातो यांच्या गटाने द्विध्रुवी विकार असलेल्या, म्हणजे कधी उन्माद तर कधी नैराश्य अनुभवणाऱ्या, रुग्णांचे मृत्यूनंतरचे मेंदू तपासले. ४,९७७ अक्षरांचा तुकडा गळालेला डीएनए त्यांना तिथे जास्त आढळला. पुढच्या सगळ्याच तपासण्यांत हा फरक दिसला नाही. पण २००६ मध्ये याच गटाने चेतापेशींत असे दोष साठत जाणारे उंदीर तयार केले, तेव्हा त्यांच्या वागण्यात मनोविकारासारखे बदल दिसले.

खरी गोम पुढे आहे. ही गळती बहुतेक वेळा वारशाने येत नाही. तुकडा आयुष्यभरात त्या-त्या पेशीतच गळतो, आणि वय वाढेल तसं प्रमाणही वाढतं. उंदरांमध्ये बदललेलं ‘पोलजी’ जनुक या डीएनएची नक्कल करणारं यंत्र बनवतं, पण ते स्वतः पेशीच्या केंद्रकात असतं. माणसात त्याची एक प्रत आईकडून येते, दुसरी बापाकडून. मग चौकशी फक्त आजोळची का?

आईकडून उतरणारे मायटोकॉन्ड्रियाचे आजार आहेत, पण विरळ. त्यांत अनेकदा बहिरेपणा, मधुमेह, झटके यांच्या जोडीने नैराश्य दिसतं. अशी लक्षणं एकाच घरात असतील तर डॉक्टरांना जरूर सांगावं. द्विध्रुवी विकारावर सर्रास दिलं जाणारं व्हॅल्प्रोएट ‘पोलजी’त दोष असलेल्या रुग्णाच्या यकृताला जिवावर बेतेल इतकं घातक ठरू शकतं.

बाकी रक्त तपासून मेंदूतली ही गळती कळत नाही आणि मनोविकाराचं निदानही होत नाही. कुणी तसं सांगून पैसे मागितले तर देऊ नयेत. निदान होतं ते मानसोपचारतज्ज्ञाने रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलून. ‘बाहेरचं झालंय’ म्हणून देवऋषीकडे जाणाऱ्यांशी भांडत बसण्यापेक्षा त्यांच्यासोबत दवाखान्याची एसटी पकडावी. तेही जमत नसेल तर ‘टेली-मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, आणि तिथे मराठीत बोलता येतं.