गमत नाही म्हणणाऱ्या मुलांसाठी

दरवर्षी प्रवेशाच्या फेऱ्या आटोपल्या, की गोंदियाहून कोल्हापूरला जाणाऱ्या महाराष्ट्र एक्स्प्रेसच्या डब्यांतून सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांतली अशी कितीतरी मुले पुण्याच्या दिशेने निघतात, की ज्यांनी त्यापूर्वी नागपूरच्या पलीकडचा मुलूख पाहिलेला नसतो. आणि सुमारे वीस तासांच्या त्या प्रवासाच्या अखेरीस जे शहर त्यांच्या वाट्याला येते, तेथे त्यांचे वास्तव्य बहुधा ‘कॉट बेसिस’वरच्या एखाद्या खोलीत, अनोळखी मुलांच्या सहवासात सुरू होते. प्रवेशाची पावती, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज अशा कागदपत्रांची सारी तजवीज घरच्यांनी तहसिलीचे हेलपाटे घालून केलेली असते. मूल तेथे एकाकी पडले, आजारी पडले, तर त्याने कोणत्या दारी जावे, एवढी एक तजवीज मात्र सहसा राहून जाते. आणि माझ्या मते तीच सर्वांत आधी व्हायला हवी.

‘मले इथं गमत नाही,’ हे आपल्या झाडीपट्टीतले मूल आईला फोनवर फार तर पहिल्या आठवड्यात एकदा सांगते. पुढे घरच्यांच्या जिवाला घोर नको म्हणून तेही सांगेनासे होते. घरची ही ओढ मनुष्यस्वभावाइतकीच जुनी आहे. योहान्नेस होफर या स्विस वैद्याने १६८८ साली बाझेल येथे सादर केलेल्या प्रबंधात एका विद्यार्थ्याची हकीकत दिली आहे: बर्नहून बाझेलला शिकायला आलेला हा तरुण झुरणीला लागला, अंथरुणास खिळला, तो वाचत नाही असे वाटून त्याला घरी रवाना करण्यात आले, आणि वाटेतच त्याला आराम पडू लागला. बर्न आणि बाझेल यांतले अंतर गोंदिया आणि नागपूर यांच्यातल्या अंतरापेक्षाही कमी आहे. तेव्हा ‘नागपूर म्हणजे इथेच तर आहे, त्यात रडायचे काय?’ असे म्हणून मुलाची समजूत घालू पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांनी ध्यानात घ्यावे, की मैलांच्या हिशेबाने या दुःखाचे मोजमाप होत नाही.

ज्या गोष्टींनी ही मुले आतून खचत जातात, त्या वरकरणी क्षुल्लक दिसतात. दोन्ही वेळा पोटभर भात खाऊन वाढलेल्या मुलाला मेसच्या ताटात पोळ्यांच्या शेवटी वाटीभर भात मिळतो. घरी लाखोरीच्या डाळीचे वडे तळले जातात त्या दिवशी हा पुण्यात सत्र परीक्षेच्या तयारीत असतो. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, दंडार रंगते, तेव्हा याची रजा संपलेली असते. त्याहून खोल जाणारी जखम भाषेची. घरात पोवारी, गोंडी किंवा झाडीबोली आणि बाजारात हिंदी अशा वातावरणात वाढलेले मूल वर्गात पहिल्यांदा तोंड उघडते, त्याच्या हेलावर मागच्या बाकावरून हसू येते, आणि त्यानंतर ते प्रश्न विचारणेच बंद करते. मौन हीच एकाकीपणाची पहिली पायरी आहे, म्हणून हसणाऱ्यांनाही या प्रकरणात जबाबदार धरले पाहिजे, असे मी आग्रहाने म्हणेन.

बहुतेकांची ही ओढ पहिल्या काही आठवड्यांत, एखाद-दुसरा मित्र जोडला गेला आणि दिवसाला काही वळण लागले, की सौम्य होते. परंतु झोप उडणे, अन्नावरची वासना जाणे, तासांना न जाता दिवसभर पांघरूण घेऊन पडून राहणे, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतही मन न रमणे, हा क्रम दोन आठवड्यांपेक्षा अधिक काळ रोज चालू राहिला, तर ती निव्वळ घरची आठवण राहिलेली नाही, असे समजून तज्ज्ञाकडे जावे. आणि जगण्यात अर्थ नाही अशी भाषा एकदा जरी तोंडून निघाली, तरी दोन दिवसही थांबू नये. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यांत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता.

तज्ज्ञाकडे जायचे म्हणजे कोठे, हे सांगितल्यावाचून नुसता उपदेश व्यर्थ होय. विद्यापीठांत आणि मोठ्या महाविद्यालयांत आरोग्य केंद्र असते, समुपदेशक असतो. त्याची खोली आणि वेळ विद्यार्थी कल्याण विभागात अथवा वर्गशिक्षकांकडे विचारल्यास कळते. त्या खोलीत काय घडते, याची भीतीच मुलांना अधिक असते. तेथे पाऊणएक तास समुपदेशक बहुतांशी ऐकतो. झोप, जेवण, अभ्यास, घर यांविषयी विचारतो. औषध तो देत नाही, तो अधिकार मनोविकारतज्ज्ञाचा, आणि तशी गरज वाटली तरच तो त्यांच्याकडे पाठवतो. मराठीत, हिंदीत, ज्या भाषेत मन मोकळे होते त्या भाषेत बोलू द्या, अशी विनंती विद्यार्थ्याने निःसंकोच करावी. सरकारी रुग्णालयात खिडकीवर केसपेपर काढताना ‘मानसोपचार’ एवढे म्हणावे लागते, आणि रांगेत उभ्या असलेल्या मुलाच्या घशात नेमका तोच शब्द अडतो. अशा वेळी शेजारी उभा राहून तो शब्द उच्चारणारा मित्र फार मोलाचा.

आपल्याकडे ‘मनाचा डॉक्टर’ म्हटले, की नागपूरचा पागलखाना डोळ्यांपुढे येतो. १८६४ साली स्थापन झालेले ते रुग्णालय आज प्रादेशिक मनोरुग्णालय म्हणून चालते. पण लोकांच्या मनातली जुनी दहशत ओसरलेली नाही, आणि ‘घरी कळेल, नाव लागेल’ या धास्तीने मुले दुखणे अंगावर काढतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त राखण्याचा हक्क दिला आहे. जिवाला धोका असल्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर सज्ञान विद्यार्थ्याच्या संमतीवाचून ती कोणाला सांगता येत नाही.

मनाबरोबर शरीराकडेही पाहावे, आणि गोंदियाच्या मुलांच्या बाबतीत तर विशेषच. आपल्या जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यात हिवताप आहे. सुट्टीहून परतलेल्या मुलाला पुण्यात थंडी वाजून ताप आला, तर तेथील डॉक्टरांच्या मनात हिवतापाची शंका चटकन येईलच असे नाही. ‘मी गोंदिया जिल्ह्यातून आलो आहे, रक्त तपासा,’ हे त्याने स्वतःहून सांगितले पाहिजे. सिकलसेल हा आनुवंशिक आजारही पूर्व विदर्भात मोठ्या प्रमाणावर आढळतो. थंडी, अतिश्रम, पाणी कमी पिणे यांनी त्याच्या वेदना उसळतात, आणि सततचा थकवा हा घरच्या आठवणीचा परिणाम मानला जाऊन मूळ कारण दुर्लक्षित राहते. ज्यांचे निदान आधीच झाले आहे त्यांनी तपासणीचे कागद आणि चालू औषधांची नावे पेटीत ठेवावीत आणि नव्या गावी पोचताच, दुखणे नसतानाही, एकदा तेथील डॉक्टरांना दाखवून यावे.

उलट दिशेने येणाऱ्यांचाही विचार व्हावा. गोंदियाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१६ मध्ये सुरू झाल्यापासून राज्याच्या दुसऱ्या टोकाची मुले येथे राहू लागली आहेत. केटीएस रुग्णालयात दिवसभर इतरांच्या नाड्या पाहणाऱ्या त्या मुलांपैकी कितीकांना दिवाळीच्या दिवशी कोणी जेवायला बोलावतो, हा प्रश्न गोंदियाकरांनी स्वतःस विचारण्याजोगा आहे.

रात्री-अपरात्री जेव्हा कोणतेच दार उघडे नसते, तेव्हा केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा असते. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ही सेवा विनामूल्य व अहोरात्र चालते, मराठीतही बोलता येते, आणि तिचा क्रमांक १४४१६ आहे.

पालकांनी फोनवर ‘जेवलास का, अभ्यास झाला का’ एवढ्यावर न थांबता ‘गमते का?’ हे विचारावे, आणि उत्तर नकारार्थी आल्यास रागावू नये. गृहपालांनी सलग दोन-तीन दिवस ताटावर न येणाऱ्या मुलाच्या खोलीवर स्वतः जावे. आणि महाविद्यालयांनी या कामी आता सबब सांगू नये. कारण सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा समाजकार्यकर्ता नेमणे, त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संधान बांधणे, आणि मदतीचे क्रमांक वसतिगृहात व वर्गांत ठळक अक्षरांत लावणे बंधनकारक आहे. आपल्या मुलाच्या महाविद्यालयात ते लागले आहेत की नाही, हे पालकांनी प्रवेशाच्या दिवशीच पाहावे, आणि नसल्यास प्राचार्यांकडे लेखी अर्ज करावा.