कोरडे हात चोळणारी मुलगी

परवा एका दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात आईच्या मांडीवर बसलेली, साबण लावल्याप्रमाणे कोरडे हात अखंड चोळणारी एक मुलगी दिसली, आणि पेशींची निगा राखण्यात हयात घालवलेल्या मला व्हिएन्नाच्या आंद्रेआस रेट यांचे स्मरण झाले. कारण 1954 मध्ये त्यांनाही आपल्या दवाखान्यात अशाच दोन मुली एकाच वेळी पाहून ‘रेट सिंड्रोम’ या विकाराचा सुगावा लागला होता.

एमईसीपी2 जनुकातील दोष हे त्याचे मूळ, हे 1999 मध्ये उमगले. पण जिवंत बालकाचा मेंदू तपासावा कसा?

जपानी शास्त्रज्ञ यामानाका यांनी त्वचेच्या पेशींना चार जनुकांच्या साहाय्याने मूळपेशींचे रूप दिले आणि मार्ग निघाला. रेटग्रस्त मुलींच्या त्वचेपासून 2010 मध्ये याच रीतीने घडवलेल्या चेतापेशी आकाराने लहान, परस्परांशी कमी जोडलेल्या आढळल्या. (या पेशी मोठ्या मानी! एखादा दिवस हयगय झाली, की गुलाबी पोषकद्रव पिवळा पडलाच.)

एडिनबरोच्या एड्रियन बर्ड यांनी 2007 मध्ये उंदरांत एमईसीपी2 जनुक पुन्हा कार्यान्वित करताच लक्षणे ओसरली. मग निरुपद्रवी विषाणूकरवी जनुक मेंदूत धाडण्यास हरकत कोणती? हरकत मात्रेची! मुलींच्या सुमारे निम्म्या पेशी मुळात निरोगी असतात, आणि या जनुकाचा अतिरेकही तितकाच घातक असतो.

‘मूळपेशींची सुई’ विकणाऱ्या जाहिरातींशी या संशोधनाचा सुतराम संबंध नाही.