सुट्या भागांतून जोडलेली जीप : मूळ ओळखण्याची साधने व त्यांच्या मर्यादा

प्रस्तावना

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात इंग्लंडमध्ये मोटार सुट्या भागांच्या संचाच्या रूपात विकत घेऊन घरी जोडण्याची प्रथा रूढ झाली. तयार मोटारीवर खरेदीकर द्यावा लागे. सुट्या भागांच्या संचावर तो पडत नसे. लोटस कंपनीची १९५७ साली आलेली ‘सेव्हन’ ही मोटार संचाच्या रूपात खपली त्यामागे हे कारण होते. अशी मोटार दोनतीन मालकांच्या हातून गेली की तिचे इंजिन कोणत्या गाडीचे, एक्सल कोणत्या गाडीचा आणि चासी कोणाची, हे सांगणे कठीण होई. भारतात ही प्रथा रुजली नाही. परंतु नेमका हाच प्रश्न महाराष्ट्रात दुसऱ्या एका वाहनाच्या बाबतीत वारंवार उभा राहतो. ते वाहन म्हणजे जीप.

अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) या शहराचे लष्करी वाहनांशी जुने नाते आहे. चिलखती दलाचे केंद्र व प्रशिक्षण शाळा येथे आहे. १९९४ साली खुले झालेले रणगाडा संग्रहालय येथेच आहे. संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्थाही याच शहरात असून, केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ अन्वये नव्या वाहनाच्या नमुन्याची चाचणी घेण्यास पात्र ठरविलेल्या संस्थांत तिचा स्पष्ट उल्लेख आहे. वाहन नवे असताना त्याची ओळख ठरविणारी एवढी व्यवस्था उपलब्ध असते. तेच वाहन पन्नास वर्षांनी सुट्या भागांतून पुन्हा उभे राहते तेव्हा मात्र त्याची ओळख पटविण्याचे काम मेस्त्री, खरेदीदार आणि परिवहन कार्यालयातील निरीक्षक यांच्यावर येऊन पडते. प्रस्तुत लेखात या कामाची साधने आणि त्यांची विश्वसनीयता यांचा विचार केला आहे.

जीपचे भाग एकमेकांना का बसतात

अमेरिकन सैन्यासाठी १९४१ ते १९४५ या काळात विलीज-ओव्हरलँड कंपनीने ‘एमबी’ नावाच्या सुमारे ३ लाख ६० हजार आणि फोर्ड कंपनीने ‘जीपीडब्ल्यू’ नावाच्या सुमारे २ लाख ७८ हजार जीप तयार केल्या. आराखडा एकच होता आणि एका कंपनीचा भाग दुसरीच्या गाडीला बसलाच पाहिजे अशी सैन्याची अट होती. रणभूमीवर दोन मोडक्या गाड्यांतून एक चालती गाडी उभी करता यावी हा त्यामागील हेतू. युद्ध संपल्यावर भारतात शिल्लक राहिलेला लष्करी माल विक्रीस निघाला आणि ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्दप्रयोग मराठी बोलीत स्थिरावला.

मुंबईत १९४५ साली स्थापन झालेल्या आणि १९४८ साली महिंद्र अँड महिंद्र हे नाव धारण केलेल्या कंपनीने प्रारंभी विलीज जीप पूर्णतः सुट्या स्थितीत आयात करून माझगाव येथे त्यांची जोडणी केली. म्हणजे भारतीय जीपचा जन्मच सुट्या भागांच्या पेटीतून झाला, असे म्हणण्यास हरकत नाही. पुढे ‘सीजे-३बी’ हे प्रतिरूप येथेच घडविले जाऊ लागले. त्याच्या चाकांमधील अंतर युद्धकालीन जीपइतकेच, म्हणजे ८० इंच राहिले. पुढील एक्सलची घडण आणि इंजिनाचा मूळ ब्लॉकही फारसा बदलला नाही. परिणामी १९४३ च्या चासीवर १९६५ चे इंजिन आणि १९७५ चा गिअरबॉक्स कोणतीही मोठी तोडफोड न करता बसू शकतो. जो गुण युद्धात उपकारक ठरला तोच आज ओळखीच्या आड येतो. हरियाणातील मंडी डबवालीसारख्या गावाची ख्याती तर अशा जोडणीवरच उभी आहे.

पुराव्याची प्रतवारी

विक्रेता सामान्यतः ‘ही १९४२ ची विलीज आहे’ असे एकच वाक्य सांगतो. अशा वाहनाबाबत ते वाक्यच सदोष असते. जोडलेल्या वाहनाला एक जन्मसाल नसते. प्रत्येक प्रमुख भागाचे साल आणि मूळ स्वतंत्रपणे ठरवावे लागते. हस्तलिखितांची पाठचिकित्सा करणाऱ्या अभ्यासकास ही परिस्थिती अपरिचित वाटणार नाही. एका पोथीतील पाने वेगवेगळ्या लेखनिकांची असू शकतात आणि शेवटच्या पानावरील पुष्पिका ही सर्व पानांची साक्ष ठरत नाही.

येथे एक साधे तत्त्व उपयोगी पडते. जो भाग बदलणे सोपे आणि फायद्याचे, त्याची साक्ष दुबळी. जो बदलणे कष्टाचे आणि ज्यातून काही लाभ नाही, त्याची साक्ष बळकट. या कसोटीवर डॅशबोर्डवरील पितळी किंवा जस्ताच्या माहितीपट्ट्या सर्वांत खालच्या पायरीवर येतात. त्या चार स्क्रूंनी बसतात आणि त्यांच्या नव्या प्रतिकृती बाजारात सहज मिळतात. गंमत अशी की, खरेदीदार सर्वप्रथम त्यांनाच भुलतो.

बॉडीचीही साक्ष फारशी भक्कम नाही. पत्रा गंजतो, कापला जातो, बदलला जातो; युद्धकालीन जीपची हुबेहूब नवी बॉडी फिलिपिन्समध्ये तयार होऊन जगभर विकली जाते. तरीही काही खुणा पाहण्याजोग्या आहेत. युद्धकालीन जीपच्या पुढील पत्र्याच्या जाळीत नऊ उभ्या फटी असतात, नंतरच्या नागरी जीपमध्ये सात. युद्धकालीन जीपला मागे उघडणारे फळके नसते, नागरी जीपला ते असते. ‘सीजे-३बी’चे बॉनेट उंच असते, कारण खालचे इंजिन उंच आहे. महिंद्रच्या जीप दीर्घकाळ डाव्या हाताच्या स्टीअरिंगच्या होत्या. मागील बाजूस तशी सूचना रंगविलेल्या सरकारी जीप अनेकांना आठवत असतील. ज्या गाडीचे स्टीअरिंग आज उजवीकडे आहे, तिच्या इंजिनामागील पत्र्यावर डाव्या बाजूस गोल ठिगळ दिसले तर स्थलांतराची कथा तेथेच उलगडते. रंगाखाली लपलेले ठिगळ बोटाने चाचपून कळते.

चासी

खरा शोध गाडीखाली झोपून घ्यावा लागतो. विलीज आणि फोर्ड यांच्या युद्धकालीन चासींतील सर्वांत ठळक फरक म्हणजे रेडिएटरखालील पुढचा आडवा दांडा. विलीजमध्ये तो गोल नळीचा असतो, फोर्डमध्ये उलट्या पन्हाळीच्या आकाराचा. हा दांडा बदलण्यात कोणाचाच फायदा नसतो, म्हणून त्याची साक्ष मोलाची. विलीजचा चासी क्रमांक डाव्या पट्टीच्या आतील बाजूस रिव्हेट केलेल्या लहान पट्टीवर असतो. फोर्डचा क्रमांक डाव्या पट्टीच्या वरच्या पृष्ठभागावर थेट ठोकलेला असतो. साहजिकच विलीजची पट्टी हलविता येते, फोर्डचा क्रमांक हलविता येत नाही. फोर्डने आपल्या असंख्य भागांवर, बोल्टच्या माथ्यांवरसुद्धा, इंग्रजी ‘एफ’ हे अक्षर उमटविले होते. परंतु बोल्ट हा बदलाबदलीचा जीव आहे, त्यावरून चासीचे मूळ ठरविणे धाडसाचे होईल.

क्रमांक वाचण्यासाठी रंग काढणे आवश्यक ठरते. ते काम रंग विरघळविणाऱ्या द्रावाने आणि मऊ ब्रशने करावे. ग्राइंडर लावल्यास रंगाबरोबर अंकही जातात, आणि घासलेला क्रमांक पुढे चोरीच्या संशयाला आमंत्रण देतो. क्रमांकावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासून घेतलेली छाप हस्तांतरणाच्या अर्जासोबत जोडण्याची पद्धत सर्वपरिचित आहे. ही छाप छायाचित्रापेक्षा अधिक बोलकी असते. मूळ ठशातील अंकांची खोली, अंतर आणि वळण एका शिस्तीत असते. हाताने एकेक अंक ठोकलेला असेल तर ओळ वाकडी जाते.

घासलेला क्रमांकही नेहमीच नष्ट होत नाही. ठसा मारताना अंकाच्या खाली काही खोलीपर्यंत पोलादाची स्फटिकरचना दबलेली असते. वरचा थर घासून गुळगुळीत केला तरी दबलेला भाग आम्लात वेगळ्या गतीने झिजतो आणि कॉपर क्लोराइड व हायड्रोक्लोरिक आम्ल यांच्या द्रावणाने पुसल्यास अंक पुन्हा अंधूक दिसू लागतात. ही पद्धत न्यायवैद्यक प्रयोगशाळांत वापरली जाते. हे काम तेथेच व्हावे. हौशी हाताने केलेला प्रयोग पुरावाच बिघडवितो.

इंजिन

इंजिनाची ओळख पटविणे सोपे आहे. मात्र त्यावरून वाहनाविषयी फार थोडे सिद्ध होते. युद्धकालीन जीपचे इंजिन २१९९ घनसेंटिमीटरचे, ६० अश्वशक्तीचे. त्याच्या दोन्ही झडपा ब्लॉकमध्ये बाजूस असल्याने वरचे हेड सपाट दिसते. ‘सीजे-३बी’च्या इंजिनात आत येणारी झडप हेडमध्ये गेली, त्यामुळे वर झाकण आले आणि उंची वाढली. पुढे पेट्रोल परवडेनासे झाले तेव्हा अनेक जीपमध्ये डिझेल इंजिने आली. त्यांत आंतरराष्ट्रीय बनावटीच्या बी-२७५ ट्रॅक्टरचे इंजिन होते, तसेच फ्रान्सच्या प्युजो कंपनीशी १९७९ साली झालेल्या सहकार्यातून आलेले ‘एक्सडीपी ४.९०’ होते.

शंका असल्यास मोजमाप घ्यावे. सिलिंडरचा व्यास झिजेमुळे आणि पुनःपुन्हा बोअर केल्यामुळे बदलतो, पण पिस्टनची खालीवर होण्याची लांबी क्रँकने ठरते आणि बोअरिंगने ती बदलत नाही. विलीज इंजिनात ही लांबी ४ ३/८ इंच, म्हणजे १११.१ मिलिमीटर, तर प्युजोच्या उपरोक्त इंजिनात ८३ मिलिमीटर. प्युजोच्या नावातील ‘४’ हे सिलिंडर व ‘९०’ हा मिलिमीटरमधील व्यास. या आकड्यांचा गुणाकार केल्यास २११२ घनसेंटिमीटर क्षमता मिळते.

मेस्त्री यापेक्षाही सोपी परीक्षा करतो. तो पाना लावून पाहतो. विलीज परंपरेतील बोल्टना ७/१६, १/२, ९/१६ अशा इंची मापांचे पाने लागतात, तर प्युजोच्या इंजिनाला १३ किंवा १७ मिलिमीटरचे. एकाच गाडीत दोन्ही पेट्या उघडाव्या लागत असतील तर दोन परंपरांचा संगम झाला आहे, हे निश्चित.

एक्सल आणि सुरक्षिततेचा प्रश्न

ओळखीचा प्रश्न येथे केवळ किमतीचा राहत नाही. युद्धकालीन जीपच्या मागील चाकाच्या मध्यभागी, पुढच्या चाकाप्रमाणेच, सहा बोल्टची चकती दिसते. ‘सीजे-३बी’च्या मागील चाकाच्या मध्यभागी एक मोठा नट असतो. त्याहून महत्त्वाचे आहे ते डिफरन्शियलमधील दातांचे गुणोत्तर. युद्धकालीन जीपमध्ये ते ४.८८ आहे, नंतरच्या नागरी जीपमध्ये ५.३८. ते तपासण्यासाठी मागील एकच चाक जॅकवर उचलावे, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा, टेकलेल्या चाकांना अडण लावावी आणि उचललेले चाक बरोबर दोन फेरे फिरवावे. प्रॉपेलर शाफ्टचे जितके फेरे होतील ते गुणोत्तर. पाचाला थोडे कमी पडले तर एक्सल युद्धकालीन. सव्वापाचाच्या पुढे गेले तर नंतरचा. हीच कृती पुढील एक्सलवर करावी. पुढे ४.८८ आणि मागे ५.३८ असा मेळ बसविलेली गाडी साध्या रस्त्यावर निमूट चालते, पण चारही चाकांना जोर देताच दोन्ही एक्सल एकमेकांशी झगडू लागतात. कोरड्या कडक रस्त्यावर त्यातून ट्रान्सफर केस किंवा शाफ्ट तुटण्याची भीती असते. केवळ माहितीपट्टी पाहून गाडी घेणाऱ्यास हे घाटात कळते.

संमिश्र म्हणजे बनावट नव्हे

येथपर्यंतच्या विवेचनावरून जोडलेले वाहन म्हणजे फसवणूक असा ग्रह होण्याचा संभव आहे. तो योग्य नाही. अहमदनगरच्या संग्रहालयातील बहुचर्चित रोल्स-रॉइस चिलखती मोटार ही मुळात आलिशान प्रवासी गाडीसाठी घडविलेल्या ‘सिल्व्हर घोस्ट’ चासीवर चिलखत चढवून झालेली आहे, आणि तिच्या अस्सलपणाविषयी कोणी शंका घेत नाही. फरक आहे तो नोंदीचा. तेथे चासी काय आणि कवच काय हे उघड आहे. जोडलेल्या जीपमध्ये ते झाकलेले असते. ब्रिटनमध्ये अनेक वर्षे वापरल्या गेलेल्या गुणपद्धतीत जुना नोंदणी क्रमांक टिकविण्यासाठी किमान आठ गुण लागत. त्यांत चासीला पाच, एक्सल, गिअरबॉक्स, स्टीअरिंग व सस्पेन्शन यांना प्रत्येकी दोन आणि इंजिनाला अवघा एक गुण असे. ज्यांची ओळख वा वय ठरत नसे अशा वाहनांना १९८३ पासून ‘क्यू’ अक्षराचा क्रमांक दिला जाऊ लागला. अनिश्चिततेला अधिकृत जागा देणारी ही व्यवस्था प्रामाणिक म्हटली पाहिजे.

कायद्याची बाजू

भारतात अशी मधली जागा नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मूळतः निश्चित केलेल्या तपशिलांशी नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील विसंगत ठरेल असा बदल मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हाच अर्थ ठामपणे सांगितला. लष्करी वाहनांची नोंदणी कलम ६० खाली स्वतंत्रपणे होते आणि संरक्षणविषयक वापर संपल्यावर ते वाहन नागरी पद्धतीने पुन्हा नोंदवावे लागते. जोडणीतील बरेचसे घोटाळे या दोन नोंदींच्या मधल्या काळात घडतात. कागद एका गाडीचे, चासी दुसरीची आणि इंजिन तिसरीचे, अशी स्थिती उद्भवते ती येथेच. म्हणून खरेदीपूर्वी लिलावाची पावती, नोंदणी पुस्तिका आणि चासीची पेन्सिल छाप ही तिन्ही एकमेकांशी ताडून पाहणे अनिवार्य ठरते.

२०२१ साली केंद्रीय नियमांत जुन्या ऐतिहासिक वाहनांसाठी नवी तरतूद झाली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ‘व्हीए’ अक्षरांचा स्वतंत्र क्रमांक मिळू शकतो. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आहे. अट अशी की, वाहन मूळ स्वरूपात असावे आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. त्यामुळे १९४४ च्या चासीवर ‘सीजे-३बी’चे इंजिन व नवी बॉडी असलेल्या जीपची बाजू या तरतुदीखाली मुळातच लंगडी पडते. शिवाय वर्षे मोजली जातात ती नोंदणीपासून, घडणीपासून नव्हे. लष्करी नोंद हरवलेली आणि नागरी नोंद १९८० सालची असलेली जीप कितीही जुन्या चासीची असली तरी कागदावर तिची पन्नास वर्षे २०३० साली भरतात.