प्रकाशाला फुटलेली वाट
(लेखांक ६)

मागच्या आठवड्यात अमेरिकेचा १९७८चा 'फायसा' कायदा पाहिला. देशात कुणावर हेरगिरीसाठी पाळत ठेवायची तर त्यासाठी नेमलेल्या गुप्त न्यायालयाचा आदेश घ्यायचा, हा त्याचा गाभा. आज पाहायचं ते या कायद्याला बगल कशी दिली गेली, आणि ती एका तंत्रज्ञाच्या नजरेला कशी पडली.

मार्क क्लाइन एटी अँड टी या दूरसंचार कंपनीत बावीस वर्षं तंत्रज्ञ होते. २००३मध्ये त्यांची बदली सॅन फ्रान्सिस्कोच्या फॉल्सम स्ट्रीटवरच्या इमारतीत झाली. काम सातव्या मजल्यावर, इंटरनेटच्या केबलींचं. खाली सहाव्या मजल्यावर '६४१ए' ही नवी खोली उभी राहिली होती. कंपनीच्या नेहमीच्या तंत्रज्ञांना तिथे मज्जाव. आत जायचं ते एनएसए या हेरसंस्थेने पारखून घेतलेल्या माणसानेच.

आतलं काम क्लाइन यांना दिसणार नव्हतं. पण केबली त्यांच्याच हाताखालून जात होत्या आणि जोडणीचे नकाशे त्यांना वाचता येत होते. त्या नकाशांत 'स्प्लिटर' होता.

पाट फोडला की पुढच्या शेताला पाणी कमी पडतं आणि शेतकऱ्याला लगेच कळतं. काचतंतूतल्या प्रकाशाचं तसं नाही. स्प्लिटरमध्ये तो दुभंगतो, दोन्ही वाटांना थोडा मंद होतो, पण संदेश दोन्हीकडे पूर्ण पोचतो. पत्र ज्याचं त्याला मिळतं आणि त्याची नक्कल खालच्या मजल्यावर उतरते. त्या केबली एटी अँड टीला इतर कंपन्यांच्या जाळ्यांशी जोडणाऱ्या होत्या, म्हणजे नक्कल फक्त तिच्या ग्राहकांची नव्हती.

एनएसए न्यायालयाच्या आदेशाशिवाय पाळत ठेवते ही बातमी डिसेंबर २००५मध्ये फुटल्यावर राष्ट्राध्यक्ष बुश यांनी सांगितलं, की ज्यांचा अल कायदाशी संबंध असल्याचं ठाऊक आहे, त्यांचेच परदेशाशी होणारे संवाद ऐकले जातात. क्लाइन यांना यातली मेख कळली, कारण स्प्लिटरला संशयित ओळखता येत नाही. तो सगळंच देतो. निवड होते ती नक्कल हाती आल्यावर. सरकारचा युक्तिवाद माणसाने वाचलं की नाही याभोवती फिरतो. माझ्या मते खासगीपण मोडतं ते नक्कल निघते त्याच क्षणी. आणि परदेशात राहणाऱ्या परदेशी माणसाला तर फायसा संरक्षणच देत नव्हता. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठच्या मराठी घरांतून पुण्या-नागपूरला गेलेली किती पत्रं त्या काचेतून गेली, हे कुणी कधीच सांगितलं नाही.

क्लाइन तोवर निवृत्त झाले होते. जानेवारी २००६मध्ये ते जोडणीचे कागद घेऊन डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनच्या दारात स्वतः जाऊन उभे राहिले. कंपनीवर खटला झाला, तो मोडीत काढण्याची सरकारची मागणी न्यायाधीश वॉकर यांनी फेटाळलीही. मग जुलै २००८मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा बदलून दूरसंचार कंपन्यांना मागील तारखेपासून अभय दिलं. बाजूने मत देणाऱ्यांत तेव्हाचे सिनेटर ओबामाही होते. थेट सरकारवरचा दुसरा खटला २०२२पर्यंत चालला. तुमचीच माहिती टिपली गेली हे आधी सिद्ध करा, असं फिर्यादींना सांगितलं गेलं, आणि ज्यातून ते सिद्ध व्हावं ते सारं सरकारी गुपित ठरलं. सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला.

क्लाइन मार्च २०२५मध्ये वारले. २००८च्या त्याच कायद्यातलं कलम ७०२ तेव्हाही लागू होतं. पुढच्या आठवड्यात ते कलम वाचू.