आज्ञालेख, शेरा आणि रंग

नागपूरच्या इतवारीतील घाऊक पेढीवरचा रोजमेळ ज्याने चाळला आहे, त्यास हे सांगावे लागत नाही की शेजारी तपशील आणि शेरा नसेल, तर नुसता आकडा वर्षभरात मुका होतो. संगणकासाठी लिहिलेल्या आज्ञांच्या लेखाची, म्हणजे स्क्रिप्टची, गतही तशीच आहे. आज्ञा एका दप्तरात आणि तिचे विवरण दुसऱ्यात राहिले, की आज्ञा पालटते व विवरण जुनेच उरते. म्हणून दोन्ही एकत्र नांदावीत, हा विचार संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांनी १९८४ साली 'लिटरेट प्रोग्रॅमिंग' या नावाने मांडला, आणि १९९४ मध्ये पर्ल भाषेच्या पाचव्या आवृत्तीने 'पॉड' या सुलभ खुणांच्या पद्धतीने त्याच दिशेने पाऊल टाकले. पॉडची खूण दिसताच पर्ल पुढील मजकूर ओलांडते, आणि 'कट' ही खूण आली की पुन्हा आज्ञा वाचू लागते. शेल या आज्ञा चालवणाऱ्या प्रणालीत मात्र अशी खूण नसल्याने, काहीही न करणाऱ्या अपूर्णविरामाच्या आज्ञेस पॉडमध्ये लिहिलेला सारा मजकूर सुपूर्द करावा लागतो, आणि त्या मजकुराच्या समाप्तीचा शब्द अवतरणचिन्हांत ठेवावा लागतो, म्हणजे आतील डॉलरचिन्हांचा अर्थ शेल लावत नाही.

जुन्या पोथ्यांत हिंगुळाची तांबडी शाई अध्यायाची समाप्ती दाखवी, त्याप्रमाणे १९९८ च्या पाचव्या आवृत्तीपासून व्हिम हा संगणकीय मजकूर-संपादक आज्ञा आणि शेरे निरनिराळ्या रंगांत दाखवू लागला. परंतु तो केवळ लिखित नियमांवरून ओळख पटवीत असल्याने शेलमधील हे विवरण त्यास सामान्य मजकूर वाटते, आणि तेवढ्या भागास पॉडचे नियम लागू करण्याचा हुकूम स्वतंत्रपणे लिहून द्यावा लागतो. हे श्रम अवश्य घ्यावेत. पुढे हे दप्तर ज्याच्या हाती येईल, त्याच्याविषयीचे आपले ते कर्तव्य आहे.