संचिका समकालन

संचिका समकालन म्हणजे दोन किंवा अधिक संगणकांवरील संचिकांचे संग्रह परस्परांशी जुळते ठेवण्याची प्रक्रिया होय. व्यवहारात तिला ‘फाइल सिंक’ असे म्हणतात. घरातील संगणक आणि सर्व्हर यांच्यात असे समकालन सुरू असले, की एका ठिकाणी केलेला बदल दुसऱ्या ठिकाणी आपोआप पोहोचतो. मात्र चूकही त्याच वेगाने पोहोचते. त्यामुळे समकालनातील दोष ओळखणे आणि ते योग्य क्रमाने दूर करणे महत्त्वाचे ठरते.

प्रकार व कार्यपद्धती

समकालन एकमार्गी किंवा द्विमार्गी असते. एकमार्गी समकालनात एक बाजू मूळ मानली जाते व दुसरी तिची प्रतिकृती असते. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेली ‘आरसिंक’ ही आज्ञावली या प्रकारची आहे. संचिकेचा आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ या दोन गोष्टी जुळल्या, तर संचिका बदललेली नाही असे ती सामान्यतः गृहीत धरते.

द्विमार्गी समकालनात दोन्ही बाजूंना बदल होऊ शकतात. ‘युनिसन’ आणि ‘सिंकथिंग’ या आज्ञावली या प्रकारात मोडतात. एखादी संचिका एका बाजूस आहे व दुसऱ्या बाजूस नाही, एवढ्यावरून ती नव्याने तयार झाली की दुसरीकडे पुसली गेली, हे कळत नाही. म्हणून अशा आज्ञावली मागील समकालनाच्या वेळची स्थिती नोंदवून ठेवतात. ही नोंद नष्ट झाल्यास पुसलेल्या संचिका पुन्हा प्रकट होऊ शकतात.

सामान्य दोष व त्यांची कारणे

घड्याळातील तफावत. संगणकातील लहान बॅटरी संपली, की वीज गेल्यावर त्याचे घड्याळ अनेक वर्षे मागे जाऊ शकते. अशा संगणकावर आज केलेला बदल जुना भासतो. ‘नवी संचिका ग्राह्य’ हा नियम असल्यास त्यावर खरोखरची जुनी प्रत लिहिली जाते. संगणकाची वेळ महाजालावरून आपोआप जुळवून घेण्याची सोय सुरू ठेवणे, हा यावरील उपाय होय. पेनड्राइव्हवर आढळणारी ‘फॅट’ ही संचिका प्रणाली वेळ दोन सेकंदांच्या टप्प्यांत आणि स्थानिक वेळेनुसार नोंदवते. त्यामुळे न बदललेल्या संचिकाही बदललेल्या दिसू शकतात. परदेशातील नातेवाइकांच्या संगणकावर उन्हाळी वेळेनुसार घड्याळ तासभर पुढेमागे होत असल्यास हा दोष अधिक जाणवतो.

देवनागरी नावे. मराठीतील अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिला जातो. ‘दुसऱ्या’ या शब्दात नुक्ता असलेला ऱ वापरता येतो, तर ‘दुसर्‍या’ असे लिहिताना साध्या र ला हलन्त देऊन त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह ठेवले जाते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, परंतु संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी नावे असतात. परिणामी एकाच नावाच्या दोन संचिका फोल्डरमध्ये दिसतात. ॲपलच्या जुन्या ‘एचएफएस प्लस’ प्रणालीत ऱ चे र आणि नुक्ता असे विघटनही होत असे. नावे लिहिताना एकच रीत पाळणे, किंवा समकालनाच्या संचिकांची नावे शक्यतो अशा जोडाक्षरांविना ठेवणे हितावह असते.

नावाची लांबी ही दुसरी अडचण होय. लिनक्स सर्व्हरवर सामान्यतः नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते. युटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट व्यापते, आणि काना, वेलांटी, हलन्त ही चिन्हे स्वतंत्र मोजली जातात. ‘रत्नागिरी’ या शब्दास ९ चिन्हे, म्हणजे २७ बाइट लागतात. विंडोजवर चालणारे शंभर चिन्हांचे मराठी नाव म्हणूनच अशा सर्व्हरवर स्वीकारले जात नाही. याउलट ‘दुःख’ लिहिताना विसर्गाऐवजी अपूर्णविराम टंकला गेला असल्यास, लिनक्सवर चालणारे ते नाव विंडोज नाकारते.

न जोडलेली चकती. समकालनाचा फोल्डर बाह्य चकतीवर असेल आणि ती जोडलेली नसेल, तर आज्ञावलीला तेथे रिकामा फोल्डर दिसू शकतो. सर्व संचिका पुसल्या गेल्या असा तिचा समज झाल्यास सर्व्हरवरील प्रतीही नष्ट होतात.

उघड्या संचिका व परस्परविरोधी बदल. एकच दस्तऐवज दोन संगणकांवर एकाच काळात बदलला गेल्यास संघर्ष उद्भवतो. बऱ्याच आज्ञावली अशा वेळी एक प्रत वेगळ्या नावाने राखून ठेवतात. ती निरुपयोगी समजून पुसू नये, कारण दोनपैकी एकाचे काम केवळ तिच्यातच असते. वापरात असलेले विदागार अर्धवट स्थितीत उचलले गेल्यास त्याची प्रत उघडतच नाही.

निवारणाचा क्रम

दोष लक्षात येताच प्रथम सर्व संगणकांवरील समकालन थांबवावे. त्यानंतर उपलब्ध प्रत्येक बाजूची स्वतंत्र प्रत वेगळ्या चकतीवर काढावी. मग घड्याळ, चकतीतील मोकळी जागा, संचिका वाचण्या-लिहिण्याची परवानगी आणि महाजालाची जोडणी ही चार स्थाने तपासावीत. आज्ञावलीच्या नोंदवहीतील पहिली त्रुटी वाचावी, कारण पुढच्या त्रुटी अनेकदा तिच्याच परिणामस्वरूप असतात. अखेरीस प्रत्यक्ष बदल न करता केवळ संभाव्य बदलांची यादी दाखवणारी चाचणी घ्यावी. त्या यादीत अनपेक्षित पुसणे आढळल्यास पुढे जाऊ नये.

समकालन आणि राखीव प्रत

समकालन म्हणजे राखीव प्रत नव्हे. चुकून पुसलेले छायाचित्र समकालनामुळे सर्वत्र पुसले जाते. राखीव प्रतीत मात्र जुनी स्थिती टिकून राहते. तीन प्रती, दोन प्रकारची साधने आणि एक प्रत अन्य गावी, हा यासाठी प्रचलित नियम आहे.

रत्नागिरी जिल्ह्याच्या संदर्भात या नियमाचा शेवटचा भाग विशेष महत्त्वाचा आहे. ३ जून २०२० रोजीच्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली व मंडणगड तालुक्यांतील वीजवाहिन्यांची मोठी हानी केली. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीच्या पुराने चिपळूण शहर जलमय झाले आणि तेथील लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर या जुन्या ग्रंथालयालाही त्याची झळ पोहोचली. घरातील संगणक व सर्व्हर एकाच छपराखाली असतील, तर उत्तम समकालनही अशा आपत्तीत उपयोगी पडत नाही. पुराच्या पातळीपलीकडे, दुसऱ्या गावी ठेवलेली प्रतच अशा वेळी कुटुंबाची कागदपत्रे आणि छायाचित्रे वाचवू शकते.