हौशी रेडिओ संच, सुवाह्य : गोंगाटाच्या स्थळांसाठी निवड

हौशी रेडिओ सेवेतील परवानाधारकाला हातात, कमरेला किंवा पाठीवर वागविता येईल अशा लहान प्रेषक-ग्राही संचाला सुवाह्य संच म्हणतात. प्रेषक, ग्राही, मायक्रोफोन, कर्णा आणि विद्युत् घटमाला हे सर्व घटक यात एकाच पेटीत बसविलेले असून आकाशक म्हणजे अँटेना बहुधा पेटीलाच जोडलेला असतो. हातात धरावयाचे संच प्रामुख्याने अत्युच्च कंप्रतांवर, भारतात विशेषतः १४४ ते १४६ व ४३४ ते ४३८ मेगॅहर्ट्‌झ या पट्ट्यांत, कंप्रता विरूपण म्हणजेच एफएम पद्धतीने चालतात व त्यांची प्रेषणशक्ती बहुधा ५ वॉट असते. दूर अंतरासाठी ३ ते ३० मेगॅहर्ट्‌झ दरम्यानच्या पट्ट्यांवर चालणारे सुवाह्य संचही मिळतात.

संच निवडताना प्रेषणशक्ती, पट्ट्यांची संख्या व स्मृतिस्थाने यांकडे प्रथम लक्ष जाते. मिरवणूक, यात्रा, चालू जनित्राजवळचे मदतकेंद्र, हेलिकॉप्टर उतरण्याची जागा अशा ठिकाणी मात्र संदेश बहुधा शक्ती कमी पडल्यामुळे नव्हे, तर ऐकणाऱ्याला शब्द न उमगल्यामुळे वाया जातो. म्हणून अशा स्थळांसाठीच्या निवडीचा खरा निकष संकेत व गोंगाट यांचे गुणोत्तर हा होय. संचाचा कोणता गुण हे गुणोत्तर कोठे व किती सुधारतो, हे पाहूनच त्याला महत्त्व द्यावे लागते.

गोंगाटाचे प्रकार : गोंगाट दोन भिन्न मार्गांनी संदेशात शिरतो. हवेतील ध्वनी ऐकणाऱ्याच्या कानावर व बोलणाऱ्याच्या मायक्रोफोनवर आदळतो. हा ध्वनिगोंगाट होय. विद्युत् ठिणग्या, विद्युत् उपकरणे व शेजारचे प्रेषक यांपासून निघणारे विद्युत् चुंबकीय तरंग आकाशकातून ग्राहीत शिरतात. हा रेडिओ गोंगाट होय. एकावरील उपाय दुसऱ्यावर लागू पडत नाही. गर्दीच्या रस्त्यावर पहिला, तर विजेच्या तारांनी वेढलेल्या शांत खोलीत दुसरा प्रबळ असतो. पेट्रोल जनित्राशेजारी दोन्ही एकत्र आढळतात : एंजिनाचा आवाज कानावर पडतो, तर त्याच्या प्रज्वलन ठिणग्यांचे तरंग आकाशक पकडतो.

ऐकण्याची बाजू : हातातील संचांची ध्वनिशक्ती सामान्यतः सु. ०·४ ते १ वॉट असते. विक्रेते १ वॉटचा संच मोठ्या आवाजाचा म्हणून पुढे करतात. परंतु ०·४ वॉटवरून १ वॉटवर गेल्याने आवाजाची पातळी फक्त ४ डेसिबेलने वाढते. याउलट मोकळ्या जागेत कर्णा व कान यांमधील अंतर निम्मे केले, तर पातळी ६ डेसिबेलने वाढते. कमरेला लावलेला संच कानापासून सु. ६० सेंमी. अंतरावर असतो. त्याला तारेने जोडलेला कर्णा-मायक्रोफोन खांद्याशी, कानापासून १५ सेंमी. अंतरावर लावला, तर अंतर दोनदा निम्मे होऊन १२ डेसिबेलचा लाभ होतो. तो ध्वनिशक्ती सोळापट करण्याइतका आहे. म्हणून बाहेरचा कर्णा-मायक्रोफोन घट्ट बसेल अशी, शक्यतो आट्यांनी आवळता येणारी जोडणी हा संचाच्या ध्वनिशक्तीपेक्षा मोठा गुण समजला पाहिजे.

काही संचांत ध्वनिवर्धनासाठी सेतुजोडणीचे मंडल वापरतात. यात कर्ण्याची दोन्ही टोके परस्परविरुद्ध दिशांनी चालविली जात असल्याने त्याच घटमालेपासून कर्ण्याला दुप्पट विद्युत् दाब व, तत्त्वतः, चौपट शक्ती मिळते. तथापि कर्णा लहान असल्यास वाढीव शक्तीबरोबर आवाज फाटतो व शब्द अस्पष्ट होतात. बोलण्यातील व्यंजने ओळखण्यास आवश्यक असणारी ऊर्जा बरीचशी १,००० हर्ट्‌झच्या वरच्या भागात असते, तर एंजिने व गर्दी यांचा गोंगाट मुख्यतः खालच्या कंप्रतांत असतो. त्यामुळे शांत दुकानात कर्कश वाटणारा संच गोंगाटात अधिक स्पष्ट ऐकू येतो व भरदार, गोड आवाजाचा संच तेथे निष्प्रभ ठरतो.

आवाज वाढवीत जाण्यास कानाची मर्यादा आहे. बोलणे सहज समजण्यासाठी ते भोवतालच्या गोंगाटापेक्षा सु. १० ते १५ डेसिबेल वर असावे लागते. जनित्राजवळ ९० डेसिबेलचा गोंगाट असल्यास कानाशी १०० डेसिबेल किंवा अधिक पातळी ठेवावी लागेल. अमेरिकेतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबेल पातळीचा आवाज दिवसात ८ तास सहन करता येतो व पुढे प्रत्येक ३ डेसिबेल वाढीस ही मुदत निम्मी होते. या हिशेबाने १०० डेसिबेलला ती अवघी १५ मिनिटे उरते. उलट, कान पूर्णपणे झाकणाऱ्या कर्णसंचाने बाहेरचा गोंगाट २० डेसिबेलने कमी केला, तर तो ७० डेसिबेलवर येतो आणि ८० ते ८५ डेसिबेलचे बोलणे पुरेसे होते. म्हणजे संदेशही स्पष्ट होतो व कानही वाचतात. दीर्घकाळ काम करावयाचे असेल, तर असा कर्णसंच जोडता येतो की नाही, हा प्रश्न संचाच्या किंमतीआधी विचारावा. मात्र ज्याला भोवतालची वाहने किंवा इशारे ऐकणे आवश्यक आहे, त्याने एकच कान झाकावा.

बोलण्याची बाजू : ऐकणाऱ्याकडे कितीही उत्तम साधने असली, तरी प्रेषकातच गोंगाट शिरला असेल तर तो पुढे वेगळा काढणे कठीण असते. गोंगाटरोधी मायक्रोफोनच्या पडद्यास पुढून व मागून अशा दोन्ही बाजूंनी ध्वनी पोहोचतो. दूरचा गोंगाट दोन्ही बाजूंवर जवळजवळ सारखाच दाब देतो व त्याचा परिणाम नाहीसा होतो; ओठांजवळून आलेल्या बोलण्याचा दाब मात्र पुढच्या बाजूवर बराच अधिक असल्याने ते टिकून राहते. हा लाभ खालच्या कंप्रतांत अधिक असतो व त्यासाठी मायक्रोफोन ओठांपासून २–३ सेंमी. अंतरावरच धरावा लागतो. तो हातभर लांब धरल्यास त्याचा काहीच उपयोग होत नाही. मागील छिद्र बोटाने किंवा कापडाने झाकले, तरी हाच परिणाम होतो.

ओरडून बोलण्याची प्रवृत्ती गोंगाटात स्वाभाविक असली, तरी ती घातक आहे. कंप्रता विरूपणात आवाजाबरोबर कंप्रतेचे विचलन वाढते व ते मर्यादेत ठेवण्यासाठी प्रेषकात सीमक मंडल असते. ओरडण्यामुळे या मंडलात तरंगांचे शेंडे कापले जाऊन शब्द विकृत होतात. म्हणून मायक्रोफोनची संवेदनक्षमता कमी करण्याची सोय असलेला संच निवडून, मायक्रोफोन जवळ धरून, नेहमीच्या आवाजात बोलणे श्रेयस्कर होय. बोलू लागताच प्रेषण आपोआप सुरू करणारी योजना गोंगाटानेही सुरू होते व वाहिनी अडवून ठेवते. येथे हाताने दाबावयाची कळच विश्वसनीय ठरते. ती हातमोजे घालूनही चाचपून सापडेल एवढी मोठी व उठावदार असावी.

विरूपण पद्धती : एडविन एच्. आर्मस्ट्राँग या अमेरिकन अभियंत्यांना कंप्रता विरूपणाची एकस्वे १९३३ मध्ये मिळाली. या पद्धतीत माहिती तरंगाच्या परमप्रसरात नसून कंप्रतेतील बदलांत असते. ठिणग्यांचा गोंगाट मुख्यतः परमप्रसरात चढउतार घडवितो व ते ग्राहीतील सीमक मंडलात छाटले जातात. त्यामुळे पुरेसा प्रबळ संकेत असताना ही पद्धती विद्युत् गोंगाटात विशेष समाधानकारक ठरते. संकेत एका मर्यादेखाली गेल्यावर मात्र हा लाभ झपाट्याने संपतो.

अंकीय ध्वनिप्रेषणात क्षीण संकेतही काही मर्यादेपर्यंत खरखरीविना ऐकू येतो. परंतु यातील सांकेतक मंडल एका माणसाच्या बोलण्याचे प्रतिमान मानून ध्वनी सेकंदाला केवळ काही हजार बिटांत बसविते. बोलण्यात एंजिनाचा घरघराट मिसळला, तर हे प्रतिमान चुकते व शब्द गुळमुळीत निघतात. यास्तव ध्वनिगोंगाटाच्या स्थळी अंकीय संच घेतल्यास गोंगाटरोधी मायक्रोफोन अधिकच आवश्यक ठरतो. अंकीय व साधी अशा दोन्ही पद्धती असलेला संच सोयीचा होय.

रेडिओ गोंगाट व ग्राहीचे गुण : मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कंप्रता वाढते तसा कमी होत जातो. आंतरराष्ट्रीय दूरसंदेशवहन संघाच्या शिफारशीतील सूत्रानुसार शहरी भागात हा गोंगाट नैसर्गिक औष्णिक गोंगाटाच्या तुलनेत ७ मेगॅहर्ट्‌झला सु. ५३ डेसिबेल, तर १४५ मेगॅहर्ट्‌झला सु. १७ डेसिबेल अधिक असतो. ग्रामीण भागात तो शहरापेक्षा सु. १० डेसिबेलने कमी असतो. स्विच पद्धतीचे वीजपुरवठा संच, एलईडी दिव्यांची मंडले, इन्व्हर्टर, सौर प्रभारण नियंत्रक व सैल जोडांतून ठिणग्या टाकणाऱ्या वीजवाहिन्या हे त्याचे प्रमुख उगम आहेत.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, ग्राहीच्या संवेदनक्षमतेतील लहान फरकांना शहरात अर्थ नाही. ०·२ मायक्रोव्होल्टऐवजी ०·१६ मायक्रोव्होल्ट संवेदनक्षमता असलेला ग्राही केवळ २ डेसिबेलने सरस असतो व बाहेरचा गोंगाट त्याहून कितीतरी मोठा असतो. दुसरी, संच दिव्यांपासून, तारांपासून व जनित्रापासून काही मीटर दूर नेणे हा बहुधा सर्वांत स्वस्त उपाय होय, व तो सुवाह्य संचालाच शक्य आहे.

शहरात संवेदनक्षमतेपेक्षा प्रबळ परकीय संकेत सोसण्याची क्षमता महत्त्वाची असते. जवळच्या दोन प्रबळ प्रेषकांचे संकेत ग्राहीच्या पहिल्या टप्प्यात मिसळून नवीन, खोट्या कंप्रता निर्माण होतात, उदा., १४६ व १४७ मेगॅहर्ट्‌झच्या संकेतांपासून १४५ मेगॅहर्ट्‌झवर खोटा संकेत उमटू शकतो. चांगल्या सुपरहेटरोडाइन ग्राहीत आरंभीच निवडक छानक (नको त्या कंप्रता अडविणारी मंडले) असल्याने हे टळते. संपूर्ण ग्राही एकाच चकतीवर सामावलेले काही स्वस्त संच शांत गावी उत्तम चालतात, पण मनोऱ्यांच्या परिसरात मुके होतात. अशा संचाला मोठा आकाशक लावल्यास सुधारणा होण्याऐवजी बिघाड वाढतो. संचाच्या माहितीपत्रकात शेजारच्या वाहिनीचा व अशा मिश्र संकेतांचा निरोध ६५ डेसिबेल किंवा अधिक दिला असल्यास तो समाधानकारक समजावा.

ठराविक खालच्या स्वराची खूण ओळखून मगच कर्णा उघडणारी योजना नको असलेली खरखर ऐकू येऊ देत नाही व त्यामुळे काम करणाऱ्याचा थकवा कमी होतो. मात्र तिने गोंगाट नाहीसा होत नाही, केवळ झाकला जातो. क्षीण संकेत येत असल्याची शंका असेल तेव्हा ती बंद करून ऐकावे.

उच्च कंप्रता पट्ट्यांवरील सुवाह्य संचांत ग्राहीच्या पट्टारुंदीला विशेष महत्त्व आहे. बोलण्यासाठीची २,४०० हर्ट्‌झ रुंदी मॉर्स संकेतांसाठी ५०० हर्ट्‌झवर आणली, तर गोंगाट सु. ७ डेसिबेलने घटतो. क्षणिक ठिणग्यांसाठी गोंगाटछेदक मंडल, तर अखंड खरखरीसाठी अंकीय गोंगाटन्यूनक उपयोगी पडतो. लहान वेटोळ्याचा आकाशक फिरवून गोंगाटाच्या एखाद्या उगमाकडील ग्रहण जवळजवळ शून्यावर आणता येते.

विद्युत् घटमाला व बांधणी : पूर्ण आवाजावर कर्णा घटमालेतून बरीच शक्ती घेतो, म्हणून शांत जागेतील वापरावरून काढलेले तास गोंगाटात पुरत नाहीत. बाजारात सहज मिळणारे सुटे विद्युत् घट बसविण्याची पेटी जोडता येत असल्यास आपत्तीत मोठा आधार होतो. पावसाळी वापरासाठी पाणी व धूळ यांपासून संरक्षणाचा आयपी ६७ सारखा दर्जा पाहावा. मात्र कर्णा-मायक्रोफोनही त्याच दर्जाचा असला पाहिजे. संदेश आल्याची सूचना कंपनाने देणारा संच गर्दीत उपयुक्त ठरतो.

निवडीची कसोटी : माहितीपत्रकापेक्षा प्रत्यक्ष चाचणी अधिक बोलकी असते. चालू जनित्रापासून किंवा वाहत्या रस्त्यापासून ठरावीक अंतरावर दोन व्यक्तींनी उभे राहून एकाने पंचवीस सुटे शब्द व आकडे वाचावेत, दुसऱ्याने ते लिहून घ्यावेत व नंतर भूमिकांची अदलाबदल करावी. ओळखीची वाक्ये वापरू नयेत, कारण त्यांतील न ऐकलेले शब्द मन आपोआप भरून काढते. मराठीत ‘सात’ व ‘साठ’, ‘वीस’ व ‘तीस’ यांसारख्या जोड्या मुद्दाम घ्याव्यात. औषधांच्या किंवा जखमींच्या संख्येत नेमकी हीच चूक महागात पडते. म्हणून संख्या सुट्या अंकांनी सांगण्याची (उदा., साठ ऐवजी ‘सहा, शून्य’) व ऐकणाऱ्याने ती परत म्हणून दाखविण्याची शिस्त ही संचाइतकीच आवश्यक आहे.

आपत्कालीन महत्त्व : २६ जानेवारी २००१ च्या गुजरातमधील भूकंपानंतर नेहमीची दूरध्वनी व्यवस्था कोलमडली असता हौशी रेडिओचालकांनी संदेशवहन केले. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हौशी चालकांचे पथक पोर्ट ब्लेअर येथे गेलेले होते. २६ डिसेंबरला त्सुनामी आल्यावर या पथकाने अंदमान व मुख्य भूमी यांमधील संदेशांची ने-आण केली. अशा प्रसंगी जनित्रे, वाहने व गर्दी यांचा गोंगाट टळत नाही आणि नवा संच समजून घेण्यास वेळही मिळत नाही. यासाठी परवानाधारकाने कर्णसंच, मायक्रोफोन व घटमाला यांसह आपली संपूर्ण जुळणी गोंगाटाच्या जागी आधीच वारंवार तपासून पाहणे इष्ट होय. खर्च मर्यादित असेल, तर अधिक शक्तीच्या संचाऐवजी साधा पण निवडक ग्राहीचा संच व उत्तम गोंगाटरोधी कर्णसंच घेणे अधिक हितावह ठरते.